दारातला हत्ती : जुनी आलिशान एसयूव्ही सांभाळायची कशी?

'दारात हत्ती झुलतो' असं म्हणून आपल्याकडे श्रीमंतीचं वर्णन करतात. पण हत्ती विकत घेणं वेगळं आणि हत्ती पोसणं वेगळं, हे त्या वाक्यात कुठेच सांगितलेलं नाही. आपल्या लोणी काळभोरच्या चौकात पाच मिनिटं उभं राहिलात तर हे हत्ती सहज दिसतील. सोलापूर रोडवर हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत बंगल्यांपुढे, नर्सरीच्या गेटात, मंगल कार्यालयांच्या पार्किंगमध्ये मोठमोठ्या परदेशी बनावटीच्या एसयूव्ही उभ्या असतात. त्यातल्या पुष्कळशा सेकंडहँड असतात. नवी असताना पाऊण कोटीला गेलेली गाडी आठ-दहा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळते, म्हणजे एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत. मग मोह होतोच.

आमच्या घरीही तो झाला. बाबांची सोरतापवाडीला नर्सरी आहे. दिवाळी २०२२ मध्ये त्यांनी २०१४ ची, सात सीटची, एका युरोपियन कंपनीची डिझेल एसयूव्ही बारा लाखांना घेतली. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना लागू आहे. मी मेकॅनिकलला असल्यामुळे 'तुझंच खातं आहे हे' असं म्हणून गाडीची देखभाल बाबांनी माझ्याकडे सोपवली. या तीन वर्षांत जे शिकलो ते आपल्या विभागासाठी अभ्यासलेख म्हणून मांडतो आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे भाषा थोडी गॅरेजची आणि थोडी वर्कशॉपची वाटेल. तेवढं सांभाळून घ्या.

१. मूळ गणित

सगळ्या लेखाचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं : गाडीची किंमत उतरते, पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही.

पाऊण कोटीच्या गाडीचा शॉकअप पाऊण कोटीच्या गाडीच्याच भावात मिळतो. गाडी आज आठ लाखांची झाली म्हणून पार्टवाला तुम्हाला आठ लाखांच्या गाडीचा दर लावत नाही. उलट गाडी जितकी जुनी तितके पार्ट जास्त लागतात. म्हणजे एक आलेख खाली जातो, दुसरा वर जातो, आणि ते एकमेकांना छेदतात तिथे गाडी भंगारात निघते. आपल्याला फक्त तो छेदबिंदू जमेल तितका पुढे ढकलायचा असतो. देखभाल म्हणजे दुसरं काही नाही.

२. पुण्याचा फायदा

या बाबतीत आपण पुणेकर नशीबवान आहोत. मर्सिडीज-बेंझ भारतात आली ती १९९४ साली, पुण्यातच. सुरुवातीला पिंपरीला टेल्कोच्या आवारात तिची जुळणी होत असे. २००९ साली चाकणला स्वतःचा कारखाना झाला. २००८ मध्ये टाटांनी जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून लँड रोव्हरच्या फ्रीलँडर २ ची जुळणी पुण्यात सुरू झाली. तिकडे शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जुळायला लागल्या. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ पासून पुण्यात आहे.

याचा आपल्याला उपयोग काय? एक म्हणजे या गाड्यांवर हात बसलेली माणसं इथे आहेत. मोठ्या वर्कशॉपमध्ये दहा-पंधरा वर्षं काढून नंतर स्वतःचं गॅरेज टाकलेले मेस्त्री हडपसर, वाकड, भोसरी या पट्ट्यात सापडतात. दुसरं म्हणजे इथे जुळणी झालेली आणि आख्खी बाहेरून आयात केलेली गाडी यात सरकारदरबारी फरक असतो. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं, पण आयात गाडीसाठी ते ४०,००० ठरलं. म्हणून गाडी बघताना आरसी बुकात उत्पादनाचं साल, पासिंगची तारीख आणि गाडी आयात आहे की इथली, या तीन गोष्टी आधी वाचा. बॉनेट त्यानंतर उघडा.

३. घेण्याआधीची तपासणी

जुनी गाडी नेहमी थंड इंजिनावर बघायची. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं. थंड स्टार्टला चेनचा खुळखुळाट, निळा धूर, डळमळणारा आयडल हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. गरम झाल्यावर तेच इंजिन साळसूद होतं.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे आणि वेगवेगळ्या सालचे असतील तर मालकाने इतर बाबतीतही काटकसर केली आहे असं समजा. शिवाय चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत टायरची झीज सारखी नसेल तर मागच्या-पुढच्या चाकांचा वेग जुळत नाही, आणि तो फरक ट्रान्सफर केसला किंवा क्लचला सोसावा लागतो. त्यामुळे इथे टायर शक्यतो चारचा संच म्हणूनच बदलायचा असतो.

स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं झालं आणि मग जगभर रुळलं. हजार-दोन हजारांचा छोटा स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एअरबॅग यांचे कोड वाचायला त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेलं यंत्र लागतं. गॅरेजवाले त्याचे हजार-दीड हजार घेतात. एक खूण सांगतो. एकही कोड नाही आणि 'कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर' फक्त दहा-वीस किलोमीटर आहे, असं दिसलं तर कुणीतरी आदल्या दिवशीच कोड पुसले आहेत.

४. इंजिन आणि डिझेलचा इतिहास

जुन्या डिझेल गाडीची तब्येत ती कुठल्या गावात वाढली यावरही ठरते. एप्रिल २०१० मध्ये बीएस फोर इंधन देशातल्या १३ शहरांत आलं. त्यात पुणं होतं आणि सोलापूरही होतं. बीएस थ्री डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस फोरमध्ये ५०. बाकीच्या भागात ते हळूहळू पोचलं आणि सबंध देशात एप्रिल २०१७ ला लागू झालं. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे फक्त १० पीपीएम. मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन आपल्या लोणीतूनच जाते, इथल्या टर्मिनलवरचे टँकर आपण रोज बघतो. तरी कधीकाळी याच रस्त्यावर दोन टोकांना एक डिझेल आणि मधल्या गावांत दुसरं, अशी स्थिती होती.

गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि इंजिन ऑइलमधली आम्ल मारण्याची शक्ती संपत जाते. त्यात ईजीआर व्हॉल्व्हमधून काजळी परत आत येते आणि इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. म्हणून जुन्या गाडीत ऑइल बदलण्याचं अंतर कंपनीच्या पुस्तकातलं न धरता कमी धरावं. आमच्या गाडीचा डिस्प्ले १५,००० किमी सांगतो. आम्ही ८,००० ला बदलतो. नर्सरीची धूळ, लोणी स्टेशनपासून हडपसरपर्यंतचं ट्रॅफिक, पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या हे सगळं इंजिनाच्या दृष्टीने कष्टाचंच काम आहे. ऑइल घेताना डब्यावरच्या चित्रापेक्षा मागचा बारीक मजकूर वाचायचा. गाडीच्या पुस्तकात दिलेला मंजुरी क्रमांक डब्यावर छापलेला हवा. ग्रेड जुळला म्हणजे ऑइल जुळलं असं होत नाही.

५. गिअरबॉक्स : 'आयुष्यभराचं' ऑइल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल एक मोठा गैरसमज आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तकात 'ऑइल बदलण्याची गरज नाही, आयुष्यभर चालेल' असं लिहिलेलं असतं. प्रश्न असा की, आयुष्य कुणाचं? पुष्कळ आलिशान गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं झाली की ऑइल बदला असं सांगते. गाडी बनवणारा पहिल्या मालकाचा विचार करतो. आपण तिसरे मालक. आपल्याला गिअरबॉक्स बनवणाऱ्याचंच ऐकलं पाहिजे.

आमची गाडी सिग्नलला थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना हलकासा धक्का द्यायची. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर तो गेला. निघालेलं ऑइल काळं होतं, पण जळका वास नव्हता आणि पॅनमधल्या चुंबकावर बारीक राखाडी गाळ होता. मेस्त्री म्हणाले, "गाळ असू दे बाळा, गाळ म्हणजे वय. चमकणारा कीस दिसला असता तर मात्र शेठला फोन करायला लागला असता." या कामात एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑइलची पातळी ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, गाडी समतल धरून मोजायची असते. स्कॅनरवर तापमान न बघता अंदाजाने ऑइल भरणाऱ्याच्या हातात गिअरबॉक्स देऊ नये.

६. ब्रेक : दिवे घाटाचं उदाहरण

ब्रेक ऑइलकडे कुणी बघत नाही, कारण ते दिसत नाही आणि आवाज करत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की दर्जाच्या व्याख्येनुसार तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो.

आता आकडेमोड करू. गाडी आणि माणसं मिळून २८०० किलो धरा आणि घाटाचा उतार समजा ३०० मीटरचा धरा. स्थितिज ऊर्जा होते २८०० × ९.८१ × ३००, म्हणजे साधारण ८२ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत सुमारे २४ लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापतं. सगळा वेग ब्रेकनेच धरला तर ही सारी उष्णता चार डिस्कमध्ये जाते. ऑइलमधलं पाणी उकळलं तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल तळाला जातं. म्हणून दिवे घाट असो की बोर घाट, उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवायची आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. हा सगळ्यात स्वस्त जीवनविमा आहे. ज्यांच्याकडे साधी बाइक आहे त्यांनाही हे तितकंच लागू आहे.

७. हवेवरची गाडी

आता सगळ्यात खर्चिक विषय. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. रेंज रोव्हरने १९९२ साली इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आणलं आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनीही ते घेतलं. तत्त्व सोपं आहे. एका चाकावर ६०० किलो भार आणि पिशवीचा परिणामकारक व्यास १० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे आत साधारण साडेसात किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो. कारच्या टायरच्या तिप्पट. तोही रात्रंदिवस. रबर दहा-बारा वर्षांनी चिरतं यात नवल काही नाही.

आमची गाडी रात्री उभी केली की सकाळी पुढच्या डाव्या बाजूला गुडघा टेकल्यासारखी बसलेली असायची. एका मोठ्या गॅरेजने लगेच चारही पिशव्या आणि कॉम्प्रेसर बदलायचा कागद दिला. पैसे खर्चण्याआधी आम्ही साधी चाचणी केली. रात्री टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजली. सकाळी परत मोजली. पुढे डावीकडे ५२ ची ४६ झाली होती, बाकी तिन्हीकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आतला फरक. मग साबणाचं पाणी मारलं. डाव्या पिशवीच्या घडीत बुडबुडे आले. नळीचे जोड कोरडे होते. म्हणजे दोष एका पिशवीचा. जोडीची पिशवी त्याच वयाची म्हणून पुढच्या दोन बदलल्या, मागच्या ठेवल्या.

कॉम्प्रेसरही बदलावा लागला, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गळती असली की कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो, सतत चालण्यासाठी नाही. तो तापतो, त्याची रिंग झिजते, कधी रिलेचे पॉइंट चिकटतात. छोट्या गळतीकडे सहा महिने दुर्लक्ष केलं की बिल दुप्पट होतं ते असं. नवा कॉम्प्रेसर बसवताना रिलेही नवा घालायचा. काहीशे रुपयांच्या रिलेपायी नवा कॉम्प्रेसर जाळू नये.

पिशव्या काढून स्टीलच्या स्प्रिंग टाकायचं किटही बाजारात मिळतं. स्वस्त पडतं. पण मग गाडी वर-खाली होत नाही, डॅशबोर्डवर इशारा येत राहतो, आणि मूळ शॉकअपचं गणित बिघडतं. आमच्याकडे आणखी एक कारण होतं. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. बटण दाबलं की गाडी खाली बसते आणि आजी कुणाचा हात न धरता चढते. महिन्यातून दोनदा तिला हडपसरला दवाखान्यात न्यावं लागतं. त्या दिवशी तिचा रुबाब बघण्यासारखा असतो. जो भाग सगळ्यात महाग पडला त्याच्यामुळेच गाडी घरात उपयोगाची आहे, म्हणून आम्ही तो मूळचाच ठेवला.

धोक्याची सूचना : एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली नुसत्या जॅकवर कधीही शिरू नका. आधी सिस्टिम जॅक मोडवर टाका, मग चेसिसखाली घोड्या लावा. पिशवीतली हवा अचानक गेली तर गाडी सूचना देऊन खाली येत नाही. गॅरेजमध्ये कुणी 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणाला तरी घोडी लावल्याशिवाय हात घालायचा नाही.

८. वायरिंग : बॅटरी कोण खातंय?

१९८६ साली बॉशने कॅन बस जगापुढे मांडली आणि गाडीतले संगणक दोन तारांवर एकमेकांशी बोलायला लागले. आज एका आलिशान एसयूव्हीत असे डझनावारी मोड्यूल असतात. गाडी लॉक केली की ते एकेक करून झोपतात. एखादं जागं राहिलं तर बॅटरी संपते.

आमच्या गाडीची बॅटरी दोन दिवस उभी राहिली की उतरायची. नवी बॅटरी टाकली तरी तेच. एका ठिकाणी मागच्या दरवाजाचं मोड्यूल वायरिंगसकट बदला, साठ-सत्तर हजार लागतील असं सांगितलं. मी वर्कशॉपमधून क्लॅम्प मीटर आणला. पद्धत अशी : बॉनेट उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद केल्यासारखं करायचं, गाडी लॉक करायची, चाळीस मिनिटं थांबायचं आणि मग करंट मोजायचा. चांगल्या गाडीत तो ५० मिलिअँपिअरच्या आत येतो. आमचा ०.९ अँपिअर होता.

आता हिशोब बघा. बॅटरी ९५ अँपिअर-अवरची. त्यातले ४५ गेले की स्टार्ट मारायला ताकद उरत नाही असं धरू. ५० मिलिअँपिअरने रोज १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे महिनाभर चिंता नाही. ०.९ अँपिअरने रोज २१.६ जातात. बरोबर दोन दिवस! आकडे जुळले की रोगाची खात्री पटते.

मग कुठला फ्यूज ते शोधायचं. फ्यूज उपटायचे नाहीत, कारण उपटून परत घातला की झोपलेलं मोड्यूल जागं होतं आणि सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागते. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मिलिव्होल्टवर मीटर धरायचा. ज्यातून करंट वाहतो तिथेच व्होल्टेज दिसतं. आम्हाला ते मागच्या दरवाजाच्या फ्यूजवर दिसलं. म्हणजे मोड्यूलचं निदान बरोबर होतं. पण ते जागं का राहत होतं? स्टेपनीच्या खाचेत हात घातला तर पाणी! सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात. नर्सरीतल्या कोकोपीटच्या भुशाने मागची एक नळी तुंबली होती. पावसाचं पाणी आत उतरून मोड्यूलच्या सॉकेटपर्यंत पोचलं होतं. नळी गवत कापायच्या मशीनच्या नायलॉन दोरीने मोकळी केली, सॉकेट साफ करून वाळवलं. करंट ४० मिलिअँपिअरवर आला. नुसतं मोड्यूल बदललं असतं तर पुढच्या पावसाळ्यात नवंही गेलं असतं. नळीत कॉम्प्रेसरची जोरदार हवा मात्र मारू नका, आतला जोड निखळतो. दर मे महिन्यात पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतं का एवढं बघितलं तरी पुरे.

९. पार्ट कुठले घ्यायचे?

पार्ट चार प्रकारचे असतात. कंपनीच्या डबीतले, तोच पार्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या डबीतले, दुसऱ्या कुणी बनवलेले, आणि भंगार गाडीतून काढलेले. दुसरा प्रकार सगळ्यात परवडतो. ब्रेक पॅड, फिल्टर, बेअरिंग, लोअर आर्म हे पुष्कळदा तोच कारखाना स्वतःच्या नावानेही विकतो, फक्त डबीवर गाडीचा लोगो नसतो. काढलेल्या मालात आरसे, दिवे, आतली बटणं, दरवाजाची हँडल घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, रबराच्या वस्तू कधीही घेऊ नयेत. ऑर्डर देताना गाडीचं नाव न सांगता चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्यायचा. एकाच मॉडेलमध्ये एका वर्षात दोन प्रकारचे ब्रेक असू शकतात.

१०. वही

या जानेवारीत सस्पेन्शनचं बिल आणि माझी सेमिस्टर फी एकाच आठवड्यात आली. घरात 'हत्ती विकायचा का?' यावर बैठक बसली. मी तीन वर्षांच्या पावत्या काढून वहीत मांडल्या. (दिवाळी २०२२ पासून, ३६,००० किमी.)

ऑइल, फिल्टर, सर्व्हिस : ६६,०००
गिअरबॉक्स ऑइल, फिल्टर : ३२,०००
चार टायर : ८८,०००
ब्रेक : ५४,०००
पुढच्या पिशव्या, कॉम्प्रेसर, रिले : १,३८,०००
बॅटरी : २४,०००
वायरिंग, सनरूफ : ११,०००
बुश, लिंक, लोअर आर्म : ४७,०००
विमा : ९६,०००
एकूण : ५,५६,०००

म्हणजे किलोमीटरला साडेपंधरा रुपये. डिझेल नऊचं ॲव्हरेज आणि ९० रुपये लिटर धरलं तर दहा रुपये. बारा लाखांची गाडी आज आठ लाखांची झाली, म्हणजे घसारा अकरा रुपये. बेरीज साडेछत्तीस रुपये किलोमीटर. याच्यापेक्षा सात सीटची गाडी भाड्याने घेतली तर पुष्कळ स्वस्त पडते. हे मी बाबांना तसंच सांगितलं. जुनी आलिशान गाडी स्वस्तात मिळते हे खरं, पण ती स्वस्त नसते.

बाबांनी वही दोनदा वाचली. आई म्हणाली, "तुझी फी आधी भर, गाडीचं नंतर बघू." आजी काहीच बोलली नाही, तेच सगळ्यांना जास्त लागलं. शेवटी निर्णय झाला तो असा. विमा सोडून खर्च तीन वर्षांत ४,६०,००० झाला, म्हणजे महिन्याला साधारण १३,०००. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची आणि गाडीला त्याच खात्यातून पोसायचं. ते खातं रिकामं असेल तर दुरुस्ती थांबेल, गाडी उभी राहील, पण फीला आणि नर्सरीच्या मजुरीला हात लागणार नाही. २०२९ ला पासिंगची १५ वर्षं पूर्ण होतील. तोवर ठेवायची, आणि पुढचा विचार फिटनेस, पर्यावरण कर आणि शुल्क बघून तेव्हा करायचा. त्याआधी कुठल्याही एका दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, किंवा ब्रेक-स्टिअरिंगचा पार्ट मिळेनासा झाला, तर भावनेच्या आहारी न जाता विकून टाकायची. या दोन अटी बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली आहे.

११. थोडक्यात

१) गाडीच्या किमतीच्या बारा-पंधरा टक्के रक्कम दरवर्षी बाजूला काढता येत असेल तरच घ्या.
२) आधी मोजा, मग सोडवा, मग बदला. पैसे वाचतात ते याच क्रमाने.
३) ऑइलचा खर्च वाचवू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचं ऑइल हेच जुन्या गाडीचं औषध.
४) पाणी कुठून आत येतं ते बघा. वायरिंगचे पुष्कळ आजार तिथे सुरू होतात.
५) लहान गळती आजच बंद करा.
६) प्रत्येक पावती चिकटवून ठेवा. विकताना तीच वही गाडीचा भाव ठरवते.
७) घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

होस्टेलवरच्या मित्रांपैकी कुणाच्या घरी असा हत्ती असेल, किंवा कुणाचे काका-मामा घ्यायच्या विचारात असतील, तर पैसे देण्याआधी मला सांगा. क्लॅम्प मीटर, टेप आणि साबणाचं पाणी घेऊन मी येईन. चहा मात्र तुमच्याकडे.